पायाखालचा विस्तव

त्यांना सगळे ढोलीमामा म्हणत. तरुणपणी एकदा गारपिटीत सापडले तेव्हा ते एका म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत शिरले होते. ढोलीत आधीपासून मधमाश्या राहत होत्या. घरी पोचले तेव्हा तोंड असं सुजलेलं की बायकोने दारातूनच विचारलं, "कोण पाहिजे?" तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

वनमजूर म्हणून लागलेले मामा एकतीस वर्षांत वणवा विझवणाऱ्या टोळीचे मुकादम झाले होते. त्यांचा थोरला भाऊही याच कामात होता. एका उन्हाळ्यात तो जवळची वाट म्हणून घळीतून वर चढला, आणि खालून आग त्याच्या मागोमाग आली. मामा त्या वेळी कड्यावर उभे होते. त्यांनी हाका मारल्या, पण त्या खाली पोचल्या नाहीत. याबद्दल ते कधी बोलत नसत. एवढंच की, टोळीतल्या कुणी घळीची वाट धरली तर एरवी गरीब गाईसारखा असणारा हा माणूस त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढी.

त्या वर्षी ओल्या मुलखातून टोळीची मागणी आली. तिकडे लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला होता, आणि आगीची सवय असलेली माणसं तिकडे कुणीच नव्हती. मामांची बारा जणांची टोळी हत्यारांसकट ट्रकमध्ये चढली. पुढच्या जीपमध्ये ड्रायव्हर, वनाधिकारी बाई, मामा, आणि त्यांना न्यायला आलेला तिकडचा वनरक्षक. हा गडी सकाळपासून आपल्याकडच्या पावसाचं इतकं कौतुक करत होता की पहिल्या तासातच ड्रायव्हरने त्याचं नाव ओलेराव ठेवलं.

"मामा, तुमचं जंगल म्हणजे नुसता खराटा हो," ओलेराव म्हणाला. "आमच्याकडे भर दुपारी रानात बॅटरी लागते. माचिसची काडी पेटत नाही, तिथे वणवा कुठला पेटणार?"

"यंदा पाऊस किती झाला?" मामांनी विचारलं.

"नेहमीच्या निम्मा. पण आमचा निम्मा म्हणजे तुमचा तिप्पट."

"आणि गेल्या वर्षी?"

"तेव्हाही निम्माच."

मामा बाईंकडे वळून म्हणाले, "आमची झाडं उपाशी राहायला शिकलेली आहेत, बाई. पाणी संपलं की पानं टाकून मोकळी होतात. यांची झाडं खात्यापित्या घरची. त्यांना उपास ठाऊकच नाही."

"सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात," ड्रायव्हर पुटपुटला.

ओलेरावच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या आजोबांनी, बापाने, कुणीही तिथे आग पाहिलेली नाही. आमच्या साहेबांनी उगीच घाबरून तुम्हाला बोलावलंय."

दुपार होता होता रस्त्याकडेची झाडं उंच व्हायला लागली. फांद्यांना फांद्या भिडल्या, सावली दाट झाली. मामांनी जीप थांबवायला सांगितली. रस्त्यालगत पाचोळा गुडघाभर साचला होता. त्यांनी मूठभर पानं उचलून मुठीत दाबली. मूठ उघडली तेव्हा आत भुसा होता. त्यांनी तो ओलेरावच्या तळहातावर ठेवला. त्यानंतर पाऊस हा शब्द ओलेरावने काढला नाही.

अर्ध्या तासाने वायरलेस खरखरला. डोंगराच्या सोंडेवर, वनकर्मचाऱ्यांच्या वसाहतीच्या वरच्या अंगाला, धूर दिसत होता.

ओलेरावच्या तोंडचं पाणी पळालं. वसाहतीत नऊ खोल्या होत्या. त्यांतल्या शेवटच्या खोलीत त्याची बायको होती, आणि कमरेखाली लुळी पडलेली आई. "पुढच्या वळणावरून घळीत उतरा," तो ड्रायव्हरला म्हणाला. "वीस मिनिटांत पोचू."

"घळीतून नाही," मामा म्हणाले.

"मामा, माझी आई आहे तिथे."

"म्हणूनच सांगतोय. खालून वारा वर चढतोय. घळीत गवत आहे. आपणच अडकलो तर तिच्याकडे जाणार कोण?"

ओलेरावने दाराच्या कडीला हात घातला. मामांनी त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. "दुसरी वाट सांगा. हा मुलूख तुमचा आहे, माझा नाही."

ओलेरावने कडी सोडली. मग दाबलेल्या आवाजात म्हणाला, "लाकूडगाड्यांची जुनी वाट आहे, वरून. मोडकी आहे."

"मोडकी चालेल."

जीप आणि ट्रक त्या वाटेने दगडांवर आदळत, फांद्या मोडत गेले. एका वळणावर खाली घळ दिसली. वरून घरंगळलेल्या निखाऱ्यांनी तिच्या तोंडाशी गवत पेटलं होतं आणि ज्वाळा पळत वर येत होत्या. ओलेरावने ते पाहिलं आणि मान फिरवली. मामांनीही पाहिलं.

वसाहतीच्या वरच्या अंगाला पोचले तेव्हा आग समोरच्या उतारावरून खाली येत होती. वीतभर उंचीची, पाचोळ्यातून सरपटणारी. टोळीतला एक जण म्हणालाही, "एवढीशी? ही तर पायाने विझेल."

बाईंनी मामांकडे पाहिलं. "उलटी आग लावायची का?"

मामांचं हुकमी शस्त्र ते. आगीच्या समोर आपणच आग लावायची, मधलं जळण संपवायचं, म्हणजे दोन्ही जागच्या जागी विझतात. ते काडी काढणार तोच ओलेरावने त्यांना एका खोडापाशी नेलं आणि साल नखाने खरवडली. कागदासारखा पापुद्रा निघून आला.

"तुमच्या झाडांची साल बोटभर जाड असते, मीच पाहिली. ती भाजतात आणि पुन्हा फुटतात. ही मरतील, मामा. तुम्ही लावलेल्या आगीनेही मरतील."

मामांनी त्या खोडावर हात ठेवला. एकतीस वर्षांत असं झाड त्यांनी हाताळलं नव्हतं. काडेपेटी त्यांनी खिशात परत टाकली. "दंताळी काढा. पट्टा झाडा."

बारा माणसांनी वसाहतीच्या वर दोन हात रुंद पट्टा झाडून पाचोळा बाजूला केला. मामांच्या रानात एवढं पुरतं. खाली पाचोळा नाही, तर आगीला पाय टाकायला जागा नाही. आग पट्ट्याशी आली, घुटमळली, विझली. टोळीने पाठी ताणून मोकळ्या केल्या आणि पाण्याच्या बाटल्या उघडल्या.

मामा मात्र पट्ट्यावरच उभे होते. बुटांच्या तळव्यातून काहीतरी जाणवत होतं. त्यांनी बूट काढला, पाय टेकवला आणि झटक्यात उचलला. मग गुडघ्यावर बसून काठीने माती उकरली. माती नव्हतीच ती. शेकडो वर्षांचा कुजलेला पाला, काळा आणि भुसभुशीत, आणि त्याच्या आत, हातभर खोल, लाल विस्तव.

त्यांच्या पाचावर धारण बसली. पट्ट्याच्या पलीकडे, वसाहतीच्या बाजूला, जमिनीतून धुराची बारीक दोरी वर आली होती.

"ही खालून चालतेय," ते म्हणाले. "मला हे माहीत नव्हतं. मी चुकलो. जमीनच जळण आहे इथे. चर खणायला हवा, दगडमाती लागेपर्यंत. घरांच्या आणखी जवळ."

कुदळी चालू झाल्या. ओलेराव धावत खाली गेला. त्याने बायकोच्या मदतीने आईला खाटेसकट उचलून वाटेवरच्या जीपपर्यंत आणलं. ड्रायव्हर सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन निघाला. बाकीची वसाहत घरातली फावडी घेऊन चराशी आली. ओलेरावची बायको मामांच्या शेजारी खणत होती. तिने एकदाच विचारलं, "पुरेल का हे?" मामा म्हणाले, "माहीत नाही, पोरी. खण."

चर मांडीएवढा खोल झाला तेव्हा पिवळी माती लागली. कडेला धूर दाटत होता. एका ठिकाणी मातीत जाड मूळ आडवं गेलं होतं. त्याच्या पलीकडच्या टोकाला ठिणग्या होत्या, आणि विस्तव मुळाच्या पोटातून चर ओलांडत होता. ओलेराव कुऱ्हाड घेऊन आत उतरला. धुराने त्याला खोकल्याची उबळ आली, तरी हात थांबले नाहीत. सहाव्या घावाला मूळ तुटलं. मामांनी त्याला बखोटीला धरून वर ओढलं आणि दोघं मातीच्या ढिगावर बसले.

ऊन उतरेपर्यंत विस्तव चराच्या त्या काठाशी येऊन थांबला होता. नऊच्या नऊ खोल्या वाचल्या.

मामा आठ दिवसांसाठी आले होते. राहिले आठ आठवडे. विस्तव जमिनीखाली इकडेतिकडे फिरत होता आणि त्याच्या मागे मागे चर खणावे लागत होते. घरी फोन केला की बायको म्हणायची, "आता तिकडेच संसार मांडा." मामा हसायचे, पण जंगलाचं काय झालं हे तिला सांगायचे नाहीत. चरापलीकडची झाडं महिनाभर हिरवीच दिसत होती. ओलेराव रोज म्हणायचा, "बघा, जगली." मामांना त्याला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. मग एका आठवड्यात पानं तपकिरी झाली. वारा नसतानाही एकेक झाड मुळाशी सुटून कोसळू लागलं, कारण खाली धरून ठेवायला जमीनच उरली नव्हती.

निघायच्या दिवशी बाईंनी अहवाल मामांसमोर ठेवला. टोळीच्या शर्थीच्या प्रयत्नांनी वसाहत वाचली, असं त्यात लिहिलं होतं. मामांनी तो दोनदा वाचला.

"पहिला पट्टा मी चुकीचा आखला, हेही लिहा," ते म्हणाले.

"कशाला, मामा? निभावलं ना?"

"पुढच्या वेळी इथे येणारा माणूसही माझ्यासारखाच सुक्या रानातला असेल, बाई. त्याला दुसरा पट्टा आखायला वेळ मिळेलच असं नाही."

बाईंनी पेन काढलं. मामा शेजारी उभे राहिले, आणि चर किती खोल हवा ते सांगू लागले.