फोटोतली शेळी

"अगं भवाने, तिकडं कुठं शिरतेस? तुझं घर आता खाली, माझ्याकडं!"

"मावशी, कुणाशी भांडताय?" दारात बसलेल्या शिंपीणबाईनं विचारलं.

"या तांबडीशी! परवा योजनेच्या साहेबानं फोटो काढून माझ्या हाती दिली, अन् आज चालली गावप्रमुखाच्या फाटकात."

शिंपीणबाईनं मान खाली घालून सुईत दोरा ओवला.

ही मावशी गावच्या शेळ्या राखते. तोंडात दोन बोटं घालून शीळ मारली की टेकडीवरचा अख्खा कळप मान वर करतो, म्हणून ती शीळमावशी. जन्म लोकांच्या शेळ्यांमागं गेला; स्वतःच्या दाराशी करडूसुद्धा नाही. गरिबांच्या योजनेत नाव लागलं तेव्हा शेळी यायच्या आधीच तिनं दाराशी खुंट ठोकला होता. नातीला म्हणाली होती, "आता दूध घरचं."

वाटपाआधी शेळ्या प्रमुखाच्या गोठ्यात ठेवल्या होत्या. मावशीला वाटलं, जनावराला जुनी सवय, दुसरं काय! हसत हसत ती आत शिरली आणि दारातच थबकली.

गव्हाणीला ओळीनं योजनेच्याच शेळ्या. ही शिंपीणबाईची, ती दोरखंड वळणाऱ्या आंधळ्या आजोबांची. आरामात पाला खात होत्या.

"बरं झालं, आणलीस," प्रमुखाची बायको म्हणाली. "बाकीच्यांनी फोटो झाल्यावर लगेच परत आणून सोडल्या. तुझीच राहिली होती. जाताना धान्याचं पोतं घेऊन जा."

तांबडी गव्हाणीला लागली, मावशी तशीच माघारी फिरली. बाहेर आली तर आजोबा भिंतीला टेकून हसत होते.

"तुला ती खरंच दिली असं वाटलं होय गं?"

"आजोबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"गावाला ठाऊक आहे. तू असतेस दिवसभर टेकडीवर."

"मग साहेब?"

"साहेब जेवला कुणाकडं?"

मावशीनं शिंपीणबाईकडं पाहिलं. "बाई, तूसुद्धा?"

"पोरांना पोतंभर धान्य मिळतं, मावशी. भांडून काय मिळणार?"

प्रमुखानं फसवलं ते एक वेळ ठीक, पण ज्यांची जनावरं तिनं पोटच्या पोरांसारखी सांभाळली, त्यातलं एक माणूस बोललं नाही! पोतं न घेताच मावशी घरी गेली. नात खुंटापाशी गवत घेऊन बसली होती.

सकाळी कळप गोळा करताना ती प्रमुखाच्या गोठ्यात शिरली आणि तांबडीच्या गळ्यात दावं अडकवलं. प्रमुख दात घासत बाहेर आला.

"मावशी, डोकं फिरलं का? शेळी माझी आहे."

"तुझी?" मावशी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलली. "फोटोत तर माझ्या हातात आहे, दादा. तुझी असेल तर साहेबाला कळव, फोटो खोटा आहे म्हणून. मी सोडते."

प्रमुखाच्या तोंडातला फेस तोंडातच राहिला. त्यानं रस्त्याकडं पाहिलं. शिंपीणबाई उभी होती, आजोबा कान टवकारून बसले होते. आज कुणी हसलं नाही.

"चांगुलपणा केला त्याची ही फेड!" एवढंच पुटपुटून तो आत गेला.

मावशीनं तोंडात बोटं घातली. पहिली शीळ नीट वाजलीच नाही, नुसती हवा गेली. तिनं बोटं लुगड्याला पुसली आणि पुन्हा घातली. खोळंबलेल्या शेळ्या टेकडीकडं निघाल्या, आणि मागोमाग, तांबडीचं दावं मनगटाला गुंडाळून, मावशी.