‘इतर’ नावाचा रकाना

मागच्या मंगळवारी आंबेगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्यावर होतो. जुन्या सॉफ्टवेअरमधली उसाची नोंदणी नव्या ॲपमध्ये न्यायचं काम होतं. घर बदलताना जुन्या फडताळातला कुठला डबा नव्या किचनमध्ये कुठे जाणार हे ठरवतो ना, तसंच... जुना कुठला रकाना नव्या कुठल्या रकान्यात जाणार, त्याची यादी करायची. याला आम्ही मॅपिंग म्हणतो आणि उगाच भाव खातो.

शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख... सगळं पटापट बसलं. राहिला फक्त ‘इतर’. पानंच्या पानं रिकामी, आणि मध्येच कुठे १, कुठे २, कुठे ३. ना एकर जुळत होते, ना विहिरी. मी शीटमध्ये त्यापुढे ‘गरज नाही’ लिहून मोकळा झालो.

सहीसाठी शीट शेतकी विभागातल्या दत्तू आप्पांकडे नेली. उसाच्या कुठल्या फडात कोणती तोडणी टोळी पाठवायची, हे तेच ठरवतात. रिटायर व्हायला एकच सीझन उरलाय त्यांना. त्यांचं बोट नेमकं तिथेच थांबलं.

“भाऊ, ह्यो आकडा काढू नका. त्या फडात बिबटी व्याली व्हती. जेवढ्या येळा व्याली, तेवढा आकडा. ती फिरून तिथंच येती.”

मला तरी टोटल लागेना.

“ज्या टोळीत अंगावर पिणारी लेकरं हायेत, ती टोळी मी तिथं पाठवीत नाय.”

सगळ्या टोळ्यांना नुसतं सावध केलं तर नाही का भागणार, असं मी विचारलं.

“करतो की. पण सांगून काय व्हतं? आईच्या हातात कोयता. लेकरू बांधावरच ठेवावं लागतं ना, राव.”

मी शीट परत माझ्याकडे ओढली. कुठल्या नियमात नाही, कुणी सांगितलेलं नाही. हा माणूस वर्षानुवर्षं एकेक आकडा भरत आलाय, आणि मी ते सगळे एका क्लिकमध्ये पुसणार होतो.

त्याच दिवशी नव्या ॲपमध्ये त्यासाठी वेगळा रकाना केला. अशा फडाला लेकुरवाळी टोळी लावली, की ॲप आता अडून बसतं. आप्पांनी तीन-तीनदा लावून बघितलं, तेव्हा कुठे सही केली.

परतताना पारगावच्या रस्त्याला एका फडात तोडणी चालू होती. बांधावरच्या बाभळीला साडीची झोळी, आत बाळ गाढ झोपलेलं. आई पाठमोरी, उसात वाकलेली. आपली टोळी याच फडात का आली, हे तिला बहुतेक कधी कळणारही नाही.

गाडी थांबवून मी नुसता बघत उभा राहिलो. आप्पा, तुमच्या त्या आकड्यांपुढे मी ‘गरज नाही’ असं लिहिलं होतं... माफ करा.