शुक्रवारी गाडी बंद करणारा माणूस

हे गेल्याची बातमी मला कंपनीची जीप दारात थांबली तेव्हाच कळली, कोणी तोंड उघडायच्या आधी. पण तीच बातमी पुढे इस्रायलला पोचवायचं काम माझ्या वाट्याला आलं. दिवसकार्य उरकलं तशी मी रोह्याच्या बाजारातल्या एसटीडी बूथवर गेले आणि आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा, बेनीभाऊंचा नंबर लावायला सांगितला. पुढच्याच महिन्यात ते यायचे होते, तिकीटसुद्धा काढून झालं होतं. लाइन खरखरत होती. ‘‘बेनीभाऊ, हे गेले,’’ एवढंच मी बोलू शकले. पलीकडून आवाज आला, ‘‘वहिनी, गाडी चालू हाय ना?’’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस गेलाय, आणि ह्यांना गाडीची पडलीय. फोन आपटला आणि तरातरा घरी आले. वाटेत रडले नाही. घरी येऊन ओटीवर, गाडीकडे पाठ करून बसले आणि मग रडले.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायची पद्धत नाही. पण सगळीकडे ‘हे’ लिहिलं तर वाचणारा विचारेल, हे म्हणजे कोण? म्हणून एकदा लिहून टाकते. मधुकर. धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरमध्ये कारकून होते. मेकॅनिक नव्हेत. घरातला फ्यूज उडाला तरी दोनदा शॉक खाल्ल्याशिवाय ह्यांच्याच्यानं बसत नसे. अशा माणसानं जवळजवळ सगळं एक दशक एका जपानी टर्बो गाडीखाली उताणं पडून काढलं, हे मी बघितलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं.

गाडी बेनीभाऊंची. आमचं त्यांचं कुंपण एकच होतं. बेनीभाऊ म्हणजे कोकणातले बेने इस्रायली, इथलेच ज्यू, आमच्यासारखीच मराठी बोलणारे, आमच्यापेक्षा चांगले घावन करणारे. अर्धं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलं, आणि कायमचे परत आले तेव्हा ही गाडी घेऊन आले. दोनच दारांची, बुटकी, लाल. दिसायला बेडकी, पण इंजिनाच्या कुशीत टर्बो, जादा हवा फुंकून जोर देणारा. पेणला त्यांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं, रोज जाऊन येऊन. ते म्हणायचे, ‘‘आमचे आजे-पणजे तेली. शनवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी नाव ठेवलं शनवार तेली. घाणा गेला आणि ही आली. हिलापण तेलच लागतंय.’’

शनिवार ते पाळायचे, आणि त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य बुडाला की लागायचा. त्यानंतर दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही, यंत्राला हात लावायचा नाही. दर शुक्रवारी पेणचं दुकान बंद करायला उशीर व्हायचा, आणि मग कासूच्या सरळ रस्त्याला सूर्याशी शर्यत. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी सूं ऐकू येते ना, तसा त्या टर्बोचा आवाज नाक्यापासून यायचा. गाडी दारात, सूर्य टेकलेला. पण टर्बोची गाडी पळून आली की लगेच बंद करायची नसते. मला ते कढईवरून कळलं. तळण झाल्यावर कढई तापल्या चुलीवर तशीच ठेवली तर तेल तळाला करपून धरतं. टर्बोचंही तसंच. आत तो लालभडक तापलेला असतो, म्हणून इंजिन संथ चालू ठेवून तेल फिरू द्यायचं, त्याला निवू द्यायचं. आणि तो निवेपर्यंत सूर्य बुडालेला असायचा.

मग बेनीभाऊ गाडी चालू ठेवूनच उतरायचे आणि मागं न बघता घरात जायचे. त्यांनी ह्यांना कधी सांगितलं नाही की मधू, बंद कर. शेजाऱ्याला तसं सांगणंही त्यांच्यात बसत नाही म्हणे. आणि ह्यांनीही सांगायची वाट कधी बघितली नाही. हातातला चहा तसाच ठेवून हे कुंपणातून जायचे, गाडीत बसायचे. एक हात मांडीवर, एक चाकावर, मान जरा कलती. ‘‘किती वेळ बसता हो?’’ मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘‘घड्याळ नाय लागत गो. तिचा श्वास खाली बसतो, तो ऐकू येतो.’’ मग किल्ली फिरवायची आणि ती बेनीभाऊंच्या दारातल्या खिळ्याला लावून यायची. ह्यांना गाडी चालवता येत नव्हती तेव्हा. नुसती बंद करता येत होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेनीभाऊंची मुलं तिकडे इस्रायलला स्थिरावली आणि ते नवरा-बायकोही जायला निघाले. घर विकलं गेलं, गाडी कोणी घेईना. हिचा साधा दिवा फुटला तरी इकडे मिळत नाही, कोण घेणार? निघायच्या दिवशी बेनीभाऊंनी किल्ली ह्यांच्या तळहातावर ठेवली. ‘‘मधू, मी येईन तेव्हा हिच्यातनंच पेणला जाऊन येऊ.’’ हे म्हणाले, ‘‘व्हय.’’ झालं. त्या एका ‘व्हय’वर माझ्या परसातली तोंडली गेली आणि तिथं पत्र्याची शेड उभी राहिली.

खाडीचं वारं मिठाचं. लोखंड त्याला आवडतं. दोन पावसाळ्यांतच गाडी निळा धूर सोडायला लागली, आणि त्या सूंची झाली किंकाळी. आळीतली कुत्री पळायची. हे पेणला एका लेथवाल्याकडे जाऊन विचारून आले आणि टर्बो उतरवायला घेतला. गंजलेले नट. रोज कामावरून आले की त्यांच्यावर तेल सोडायचं, हलके ठोकायचं, परत तेल सोडायचं. गौरीच्या करंज्यांना मुरड घालायलाही मी एवढा जीव लावत नाही. तरीही एक बोल्ट तुटलाच, आणि हे माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत, जसा काही मीच तोडला.

उतरवलेला टर्बो माझ्या परातीत आला. हो, माझ्याच. गोगलगायीच्या शंखासारखा, आणि आत काळी खरपुडी. मी म्हटलं, ‘‘हे करपलेलं तेल आहे, रॉकेलात भिजत घाला, ओरबाडू नका.’’ आतली पाती नाजूक. ती साफ करायला ह्यांनी काय वापरलं असेल? माझा भाऊ पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. त्याचा डोळे रेखायचा ब्रश. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘भावजी, ह्या ब्रशनं मी देवाचे डोळे उघडतो.’’ हे शांतपणे म्हणाले, ‘‘मग बरोबर हाय.’’

आता खरी गंमत सांगते. ह्यांच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. आठवड्यात हाताला मोकळा असा तो एकच दिवस, आणि शनिवारी हे गाडीला हात लावत नसत. शेडचं दारसुद्धा उघडायचे नाहीत. मी चिडायचे. ‘‘अहो, बेनीभाऊ तिकडे गेले. गाडी आपल्या दारात. तिला कसला आलाय शनिवार?’’ हे म्हणायचे, ‘‘गाडी त्याची हाय. मग शनवारपण तिला हाय.’’ त्यामुळे जे काम महिन्यात झालं असतं ते वर्षानुवर्षं चाललं. रोज संध्याकाळी उजेड असेल तेवढा वेळ, चिमूटभर चिमूटभर. लेथवाल्यानं बुश, म्हणजे टर्बोच्या दांड्याभोवतीची पितळी कडी, कातून दिला, तो बसवला, आणि हौसेनं तेल वर चढायच्या आत गाडी चालू केली. नवा बुश गेला. परत पेण, परत लेथ. परत माझी परात.

आणि शनिवारी? शनिवारी आम्ही रोह्याहून गाडी धरायचो आणि माझ्या माहेरी पेणला जायचो. ती आगगाडी हो, लाल नव्हे. निडीला हे शेंगा घ्यायचे, नागोठण्यापर्यंत संपवायचे, आणि कासू आलं की खिडकीतून रस्त्याकडे बघत म्हणायचे, ‘‘इथं बेनी तिला सुसाट सोडायचा.’’ मी सोललेले दाणे ह्यांच्या हातावर ठेवायचे. भावाच्या घरी जेवायचं, संध्याकाळी परत. एवढंच. तेव्हा मला वाटायचं, ह्या गाडीनं माझा नवरा नेला. हिशेब उलटा होता हे आता कळतंय. बाकीच्या नवऱ्यांचा सुट्टीचा दिवस कुठं जातो ते आळीत मी बघतेच की. माझ्या नवऱ्याचे सगळे शनिवार ह्या गाडीनं मला दिले.

शेवटी एकदाची ती नीट झाली. तोवर हे चालवायलाही शिकले होते, भीत भीत. पहिल्या फेरीला मला बाजूला बसवलं. कासूच्या रस्त्याला ह्यांनी पाय जरा दाबला, सूं सुरू झाली आणि पाठीला कोणीतरी हात लावून ढकलावं तसं झालं. ‘‘घट्ट धर गो,’’ हे म्हणाले. मी काय धरणार? ह्यांचाच दंड धरला. मिठागरातली माणसं फावडी थांबवून बघत होती. घरी आल्यावर मी उतरायला लागले तर म्हणाले, ‘‘बस जरा. तिला दम खाऊ दे.’’ मग आम्ही दोघं ती निवेपर्यंत बसून राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तरी मी लाजले होते, खोटं कशाला सांगू.

बेनीभाऊ येणार म्हटल्यावर ह्यांनी परत सगळं तपासलं. एक रबरी पाइप चिरला होता, तो बदलला. गाडी चालू केली, आत बसले, ऐकत राहिले, बंद केली. हात धुऊन आत आले आणि चहा घेताना म्हणाले, ‘‘झाली गो. येऊ दे आता बेनीला.’’ दुसऱ्या दिवशी कामावर गेले, आणि दुपारी ती जीप आली.

त्यानंतर मी शेडला कुलूप घातलं. भाऊ म्हणाला, ‘‘ताई, अधूनमधून चालू केली पाहिजे, नाहीतर बसेल ती.’’ मी त्याला हात लावू दिला नाही. ती गाडी शेवटची ह्यांच्या हातानं बंद झाली होती. कोणी ती चालू केली की नंतर कोणीतरी दुसरंच ती बंद करणार. माझ्यापाशी ह्यांचं तेवढंच शिल्लक होतं, ते मला मोडायचं नव्हतं. पण दुसरीकडे ह्यांचं ते ‘व्हय’ होतं. दिलेला शब्द मेलेल्या माणसाला पाळता येत नाही, तो मागं राहिलेल्यानं पाळायचा असतो. रात्रंदिवस हेच डोक्यात.

बेनीभाऊ आले ते शुक्रवारी सकाळी. पार वाकले होते. ओटीवर बसले, ह्यांच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘वहिनी, फोनवर मधूचं काय विचारणार होतो मी? तोंडात येईना. म्हणून गाडीचं विचारलं.’’ माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. आम्ही दोघंही रडलो. मग ते म्हणाले, ‘‘तुम्ही नको म्हणालात तर नाय चालू करणार.’’ मी देवापुढच्या खिळ्यावरची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

बाजारातून बॅटरी भरून आणली. त्यांनी आधी इंजिन नुसतंच फिरवलं, तेल वर चढू दिलं, मग चालू केलं. निळा धूर नाही, किंकाळी नाही. ‘‘मधूनं केलं हे?’’ एवढंच ते बोलले आणि कितीतरी वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. दुपारी आम्ही दोघं पेणला जाऊन आलो. शब्द पाळला गेला. परतताना जुन्या सवयीनं उशीर झाला, आणि कासूला बेनीभाऊंनी तिला सोडली. सूं ऐकली आणि मी दंड धरायला हात उचलला, तो परत मांडीवर ठेवला.

दारात आलो तेव्हा सूर्य टेकला होता. बेनीभाऊ गाडी चालू ठेवून उतरले आणि मागं न बघता आमच्या फाटकाकडे निघाले... आणि मध्येच थांबले. आता कोण येणार होतं कुंपणातून? वळून त्यांनी रिकाम्या सीटकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही, काही बोललेही नाहीत. मी उतरले, वळसा घालून पलीकडे गेले आणि चाकामागे बसले. एक हात मांडीवर, एक चाकावर. मला यंत्रातलं ओ का ठो कळत नाही. नुसती बसून राहिले. आधी ती धापा टाकत होती. मग कमी कमी होत गेलं, आणि एका क्षणी तिचा श्वास खाली बसला. ऐकू आला मला. मी किल्ली फिरवली.

बेनीभाऊ परत गेले, किल्ली माझ्याकडेच ठेवून. मला गाडी चालवता येत नाही आणि आता शिकायचीही नाही. दर शुक्रवारी सूर्य टेकला की शेड उघडते, गाडी चालू करते, आत बसून ऐकते, आणि बंद करते. चहा ओटीवर निवत असतो. शनिवारी मात्र तिला हात लावत नाही. सकाळची गाडी धरते, निडीला शेंगा घेते. शनिवार आमचा असतो.