साचेवाल्यांची पिशवी

साचेवाले आमच्याकडे एकतीस वर्षं होते. त्यातलं शेवटचं वर्ष मी त्यांच्यावर पाळत ठेवण्यात घालवलं.

छताला लावायची प्लास्टरची फुलं आणि कडेच्या नक्षीदार पट्ट्या आम्ही घाऊक विकतो. रबराचे साचे तेच करायचे, म्हणून सगळे त्यांना साचेवाले म्हणत. पापण्यांवर कायम पांढरी भुकटी. कालवलेल्या प्लास्टरमध्ये करंगळी बुडवून "अजून दोन मिनिटं" म्हणायचे, आणि दोनच मिनिटं लागायची. माझे पती गेल्यावर साच्यांच्या खोलीच्या दोन किल्ल्या राहिल्या. एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.

मग एका कंत्राटदाराने बातमी आणली. "बाई, तुमचं अकरा पाकळ्यांचं फूल दुसऱ्या दुकानात मिळतंय. तेही स्वस्तात."

अकरा पाकळ्या दुसरं कुणी करत नाही. वर्तुळाचे अकरा सारखे भाग पाडणं किचकट असतं. ह्यांनी ते हट्टाने केलं होतं. फूल बाहेर मिळतंय म्हणजे साचा बाहेर गेला, असं मी धरून चालले.

पुढची कचेरी सांभाळणारे माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, मांजर डोळे मिटून दूध पितं. त्यांची पिशवी बघितलीत कधी? सकाळी रिकामी, संध्याकाळी टम्म."

मी बघू लागले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय कामी आली. 'मंगळवार. पिशवी जड, उजवा खांदा झुकलेला.' 'गुरुवार. काय नेताय विचारलं. म्हणाले, कचरा.' 'शनिवार. मला पाहून पिशवी दुसऱ्या हातात घेतली.' कचरा कुणी इतका सांभाळून नेतं का? अशी पानंच्या पानं भरली.

शेवटी कंत्राटदाराकरवी ते फूल मागवून टेबलावर ठेवलं आणि साचेवाल्यांना बोलावलं. दीर दाराशी उभे राहिले.

"ओळखता हे?"

त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "नक्षी आपली. माल आपला नाही."

"कोड्यात बोलू नका."

"काढून टाकायचं ठरवलंय ना मला?"

ते आत गेले, साचा घेऊन आले आणि फूल त्यात ठेवलं. ते चक्क हललं.

"आपल्या साच्यातलं असतं तर गच्च बसलं असतं. रबर आक्रसतं, बाई. तयार फुलावरून कुणी साचा घेतला, की त्यातून निघणारं फूल सूतभर बारीक होतं. साचा कुठे गेला नाही. गेलं ते फूल. कुठलं, ते ही पाकळी सांगेल."

पाकळीच्या टोकाशी अंगठ्याचा ठसा होता, बारीक रेषांसकट. अंगठा माझाच. कचेरीतल्या भिंतीवरचं नमुन्याचं फूल पुसताना माझ्या हातून ते टोक उडालं होतं आणि मीच ओलं प्लास्टर दाबून बसवलं होतं.

ते फूल भिंतीवरून कधी उतरलं होतं, हे आठवायला मला कष्ट पडले नाहीत. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'दिरांनी नमुन्याचं फूल रंगवायला नेलं. आठ दिवसांनी आणलं. रंग जुनाच.' कंत्राटदाराच्या बातमीआधीचं ते पान मी वर्षभरात एकदाही उलटून पाहिलं नव्हतं. दाराकडे पाहिलं. दीर नव्हते, त्यांच्या चपलाही नव्हत्या.

साचेवाल्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "आता हीपण बघा."

"नको, राहू द्या."

"नाही, बघाच. वर्षभर बघताय, आतूनही बघा."

त्यांनी ती उपडी केली. आत बादल्या धुतल्यावर तळाशी बसणारा प्लास्टरचा गाळ होता, घट्ट झालेली ढेकळं.

"मोरीत गेला तर दगड होतो. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गाळ बाहेर नेऊन टाकायचा. जाताना पडीक जागेत टाकतो. कचरा म्हणालो होतो तुम्हाला."

"मग मला पाहून हात का बदललात?"

"खांदा दुखतो, बाई."

त्यांनी खिशातून किल्ली काढून फुलाशेजारी ठेवली. मी म्हटलं, चुकलं माझं, राहा. दोनदा म्हटलं.

"माझ्यावर राग नाही तुमचा, माहीत आहे," ते म्हणाले. "पण उद्या साधा डबा नेला तरी तुम्ही बघणार, आणि तुम्ही बघताय का, ते मी बघणार. असं काम होत नाही."

रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि गेले. ढेकळं टेबलावरच राहिली.

नव्या कारागिराला मी गाळाचं सांगायला विसरले. दोन महिन्यांत मोरी तीनदा तुंबली. तारखा लिहून ठेवल्या आहेत.