चौऱ्याण्णव मिलिमीटर

दत्ता गेल्याचा निरोप मला वर्तकनगरला शेजाऱ्यांच्या फोनवर मिळाला. त्याला आता सहा आठवडे झाले. आदल्याच रविवारी आम्ही दोघे कुर्ल्याच्या भंगार बाजारात होतो आणि त्याने हातात घेतलेला मोनोग्राम मी नेहमीप्रमाणे नाकारला होता. "आकडे जाड आहेत." "राहू दे मग," तो म्हणाला. आवाजात नाराजी नव्हती… उलट सुटल्यासारखा वाटला.

कोलशेतला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दत्ताने एका जुन्या परदेशी, दोन माणसांच्या स्पोर्ट्‌स गाडीची नक्कल उभी केली होती. तो कारखान्यात फिटर. पत्रा स्वतः ठोकला, इंजिन जुन्या टॅक्सीचं बसवलं. राहिला फक्त बॉनेटच्या कडेचा, इंजिन किती सीसीचं हे सांगणारा धातूच्या आकड्यांचा मोनोग्राम. मूळ गाडीवर तो १६०० होता. "इंजिन अकराशेचं आणि वर सोळाशे? हे खोटं आहे," मी म्हणालो. "वश्या, नवरदेवाचा फेटा भाड्याचा असतो. मांडवात कोण पावती मागतं का रे?" मी हरलो, पण अट घातली, निदान मोनोग्राम तरी अस्सल हवा. मासिकातल्या फोटोवर पट्टी ठेवली, चाकाच्या उंचीवरून प्रमाण काढलं आणि लांबी ठरवली, चौऱ्याण्णव मिलिमीटर. मिळालेला पहिलाच एकशे बारा भरला. तो मी बाद केला. मग सात वर्षं बादच करत राहिलो.

दत्ताचे वडील, तात्या, लकव्याने अंथरुणाला खिळलेले. त्यांना उचलणं वहिनींच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून कारखाना सुटला की दत्ता थेट घरी. टिटवाळ्याची बहीण आणि तिचा नवरा रविवारी येऊन बसत, तेवढे चार तास त्याचे. "मोनोग्राम बसला की हिला गाडीत बसवून थेट नाशिक," तो म्हणायचा.

तेराव्यानंतर वहिनींनी एक डबा माझ्यापुढे ठेवला. आत अकरा मोनोग्राम, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर माझी हरकत. पहिल्याच्या चिठ्ठीवर मात्र वेगळंच होतं : 'हाच अस्सल. फोटो तिरका आहे. वश्याला सांगायचं नाही.' तिरक्या फोटोत उंची तशीच राहते, लांबी आखडते… एवढं साधं मला सात वर्षांत सुचलं नव्हतं.

"वहिनी, हे कधीचं?"

"पहिल्याच महिन्यातलं, भाऊजी. मी म्हटलं, लावा मग. तर म्हणाले, लावला की गाडी पुरी. मग ती जागची हलत का नाही, हे रोज बघायचं कुणी? मीही पुन्हा नाशिकचं नाव काढलं नाही."

परवा शेडमध्ये गेलो. बॉनेटच्या कडेला पेन्सिलच्या दोन खुणा होत्या, भोकं पाडायची राहिलेली. पहिला मोनोग्राम त्यांवर धरला. तंतोतंत बसला. ड्रिल भिंतीलाच टांगलेलं होतं. तेवढ्यात आतून तात्यांची हाक आली, "दत्ता, आलास का रे?" शेडच्या दारात बसलेल्या वहिनी उठल्या. एकट्या त्यांच्याने तात्यांना उचलवत नाही. मी मोनोग्राम खिशात टाकला, आत गेलो आणि तात्यांच्या खांद्याखाली हात घातला.