हातात न घेतलेला बिल्ला

एअर फोर्सच्या फायर सेक्शनमध्ये सार्जंट असताना माझी शेवटची पोस्टिंग एका जिल्ह्याच्या शहरातल्या विमानतळावर होती. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली. एका बाजूला आमचं स्टेशन, दुसऱ्या बाजूला सिव्हिल टर्मिनल. टर्मिनल म्हणजे काय, एक हॉल, सामानाचा एकच पट्टा आणि चहाचं मशीन, तेही निम्मे दिवस बंद. पण आग कुणाच्याही बाजूला लागो, गाडी आमचीच जायची.

कॉर्पोरल म्हात्रे माझ्या क्रूमध्ये होता. पनवेलजवळचा. त्याचं गाव तिथल्या नव्या विमानतळासाठी उठलं होतं. "सर, आमचा गाव रनवेखाली गेला, न मी हितं दुसऱ्यांचा रनवे राखतोय," असं हसत सांगायचा. कामात मात्र कडक. नियम मोडताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

धुरात माणूस पाठवताना दाराशी एकजण बोर्ड घेऊन उभा राहतो. आत जाणारा आपल्या नावाचा पितळी बिल्ला त्याच्या हातात देतो, बाहेर आल्यावर परत घेतो. बोर्डवर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे.

त्या दिवशी सकाळी ११.२० ला टर्मिनलच्या तळघरात केबल पेटल्या. प्रवासी बाहेर काढले. क्रू लहान, म्हणून एकेकाला आत पाठवत होतो. बोर्ड माझ्याकडे होता. म्हात्रे एक फेरी करून आला, मी त्याचा बिल्ला परत दिला. मागची एक खोली तपासायची राहिली होती. त्याने पाठीवरचा हवेचा सिलिंडर बदलला आणि बिल्ला माझ्यापुढे धरला.

तेवढ्यात रेडिओ बोलला.

"फायर, टॉवर. एक विमान वर थांबलंय. तुमची गाडी रनवेवर परत कधी?"

"टॉवर, स्टँडबाय."

बोलता बोलता मी म्हात्रेकडे बघून मान हलवली. एका हातात रेडिओ, दुसऱ्यात बोर्ड. बिल्ला घेतलाच नाही. त्याने जरा वाट पाहिली, बिल्ला खिशात टाकला आणि आत गेला. टॉवरशी बोलणं संपेपर्यंत मी ते विसरलो होतो.

११.५५ ला वॉरंट ऑफिसर आले. "बोर्ड?"

बोर्डवर एकही बिल्ला नव्हता. "ऑल आउट, सर."

तळघराचं लोखंडी दार बंद झालं, आत आग विझवणारा, श्वास कोंडणारा गॅस सोडला. मग चाळीस मिनिटं दार उघडायचं नाही. म्हात्रेच्या सिलिंडरमध्ये जेमतेम अर्ध्या तासाची हवा होती. तळघरात रेडिओ लागत नव्हता. बाहेर पंप चालू होते, त्यात दार ठोकल्याचं कुणाला ऐकू येणार? मी दहा पावलांवर बोर्ड धरून उभा होतो.

दार उघडलं तेव्हा तो दाराला टेकून बसलेला होता.

चौकशीत मला विचारलं, "त्याला आत जाताना पाहिलंत?"

"नाही, सर."

बिल्ला त्याच्या खिशात सापडलाच होता. कॉर्पोरलने बिल्ला न देता प्रवेश केला, असा शेरा बसला. घरी तसंच पत्र गेलं. मी भ्यालो होतो. नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, पनवेलजवळ कामोठ्याला घर घेतलं, पण त्या दारातून मी काही बाहेर आलो नाही.

गेल्या महिन्यात म्हात्रेच्या घरी गेलो. सरकारने दिलेल्या प्लॉटवर त्याच्या वडिलांनी दोन खोल्या बांधल्यात. ओटीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. नव्या विमानतळावरून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं, तसे ते माझ्याकडे सरकले.

"म्हंजे बिल्ला दाविला व्हता त्यानं तुमाला?"

"हो, काका. मीच घेतला नाही."

"आमाला सगले बोलतात, तुमचा पोऱ्या न सांगता गेला. हिला नाय पटत. अजून भांडते लोकांशी." ते भिंतीला धरून उठले. "आत चला सायेब. हिला सांगा."

त्याची आई खाटेवर पडून होती. मी समोर सावधान उभा राहिलो.

"आई, कॉर्पोरल म्हात्रे सांगून आत गेला होता. चुकलो मी."