पेंढ्यातली बाटली

आंब्यांची आढी घालायला आज भाताचा पेंढा सोडला, आणि त्याच्या वासाबरोबर माझ्या वडिलांची, आबांची, ती दुपार समोर आली.

माझा थोरला भाऊ, दादा, बोटीवर आचारी होता. एकदा त्यानं फ्रान्समधून बोर्दोची लाल वाइन आणली. म्हणाला, "आबा, बरीच वर्षं पिकू द्या. मग मिळून पिऊ." पिकवायचं म्हटल्यावर आबांनी ती अंधाऱ्या खोलीत पेंढ्यात निजवली, आंब्यासारखी. पुढच्याच फेरीत दादा बोटीवर वारला. आबा मात्र दर हंगामाला तिचा पेंढा बदलत राहिले.

शेवटी त्या दुपारी त्यांनीच बूच काढलं. "घे, तुझ्या दादाची हाय," म्हणत स्टीलच्या दोन पेल्यांत सगळी ओतली. लाल रंग विटकरी झाला होता. वास सुकल्या जांभळांचा, ओल्या पाल्याचा. तुरटपणा पार विरलेला. घोट गिळला तरी चव जिभेवरून हलेना.

"पिकली गं," आबा एवढंच म्हणाले. मग रिकाम्या बाटलीला बूच लावून ती परत पेंढ्यात ठेवली. मला त्यांचा रागच आला. किती वाट बघायची माणसानं!

आता आबाही नाहीत. बाटली आहे तिथंच आहे. आज मी तिच्यावर नवा पेंढा पसरला.